पोस्टग्रेस आणि कोट्सची शिस्त: काही महिन्यांच्या वापरानंतर

मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर येऊन बरेच महिने झाले. वेग, इंडेक्स, जेसन यांवर भरपूर लिहिलं जातं. रोज हाताशी येतात ते कोट्स, म्हणजे अवतरणचिन्हं, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

मायएसक्यूएलमध्ये स्टेटस = "पेंडिंग" बिनबोभाट चालतं. पोस्टग्रेस मात्र 'पेंडिंग नावाचा कॉलमच नाही' म्हणून क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) परत पाठवतो. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या मानकाप्रमाणे त्याचंच बरोबर: सिंगल कोटमध्ये मजकूर, डबल कोटमध्ये टेबल-कॉलमचं नाव. मायएसक्यूएल नावांना बॅकटिक (`) लावतो आणि मानकाप्रमाणे वागायला लावणारा अँसी कोट्स मोड चालू नसेल तर डबल कोटलाही मजकूरच समजतो. जुन्या क्वेऱ्या बदलण्याचं काम कंटाळवाणं होतं, एवढंच.

हा कडकपणा आता मला आवडतो, तो एसक्यूलाइट या तिसऱ्या डेटाबेसमुळे. आमच्या एका छोट्या टूलमध्ये तो आहे. तिथे डबल कोटमधलं नाव कुठल्याच कॉलमशी जुळलं नाही, तर तो गुपचूप त्याला मजकूर धरतो. म्हणजे कुणी व्हेअर "स्टेट्स" = 'पेंडिंग' असं चुकीचं टाइप केलं, तर एरर नाही, नुसत्या शून्य ओळी. मग रिकामा रिपोर्ट बघून लोक डेटा तपासत बसतात! 3.29 आवृत्तीपासून ही मुभा बंद करता येते, 3.41पासून कमांड लाइनवर ती बंदच असते.

पोस्टग्रेसबद्दल खरी तक्रार कॅपिटल-स्मॉलची. कोट्सविना लिहिलेलं नाव तो स्मॉल करून टाकतो (ओरॅकल कॅपिटल करतो, मानकही तेच सांगतं). आमच्या ओआरएमने (कोडवरून टेबलं आणि क्वेऱ्या बनवणारी लायब्ररी) युजरआयडीतला 'आय' कॅपिटल ठेवून, डबल कोट लावून टेबलं बनवली. झालं, हाताने क्वेरी लिहायची म्हटलं की डबल कोट पाचवीला पुजलेले. नवीन टेबलांत म्हणून सगळी नावं स्मॉलमध्ये आणि अंडरस्कोअर. राखीव शब्दही (एसक्यूएलने स्वतःसाठी ठेवलेले) टाळतो. टेबलाचं नाव 'युजर' असेल आणि सिलेक्ट * फ्रॉम युजर कोट्सविना चालवलं, तर एररसुद्धा येत नाही. ज्या नावाने लॉगिन केलंय तेच एका ओळीत समोर येतं.

कोडमधून क्वेरी जोडताना टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही. तिथे योग्य कोट्स स्वतः लावणारं फॉरमॅट फंक्शन कामाला येतं: नावासाठी %आय, मजकुरासाठी %एल.

देवनागरी कॉलमनावंही ठेवून पाहिली. कोट्सविनाही चालतात. पण मर्यादा 63 बाइट्सची, आणि युटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट्स खातं. 21 चिन्हांपुढचं नाव तो छाटतो, तेही नुसत्या नोटिसवर भागवून.