ठासणीच्या पिस्तुलाची निगा: जमवलेली अवजारं, एका उन्हाळ्या-पावसाळ्यानंतर

पिस्तूल साफ करायचा तयार संच मागवण्याआधी एवढंच बघा: आपल्या पिस्तुलाची नळी मागून उघडते का? ठासणीच्या पिस्तुलाची उघडत नाही. दारू, गोळी सगळं तोंडातूनच भरायचं, त्यामुळे मागची बाजू जाड पेचाने कायमची बंद केलेली असते. ऑनलाइन मिळणारे बहुतेक संच मात्र काडतुसाच्या पिस्तुलांसाठी असतात. त्यांतला तारांचा ब्रश एका तोंडाने आत जाऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो, तिथवर ठीक. बंद नळीत तो तळाला टेकतो तेव्हा तारा मागे झुकलेल्या असतात, आणि ओढायला गेलं की त्याच तारा नळीच्या भिंतीत रुततात. जोर लावून फिरवला आणि फिरवण्याची दिशा चुकली, की गजाचा आटा सुटून ब्रश आतच राहतो. माझ्या संचातला ब्रश अजून पाकिटातून निघालेला नाही. खाली ज्या वस्तूंबद्दल चांगलं लिहिलंय, त्यांतल्या बऱ्याचशा पिस्तुलासाठी म्हणून विकल्याच जात नाहीत.

आधी पिस्तूल कसलं ते सांगतो, म्हणजे मापांचा अंदाज येईल. टोपीचं (तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून दारू पेटवणारं), एकनळी, आतून गुळगुळीत. नळीचा व्यास पावणेसतरा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे १६ बोअर. एक पौंड शिशाच्या सोळा सारख्या गोळ्या पाडल्या तर एकेक या मापाची होते. दारू-गोळी ठासायचा गज नळीखाली बिजागरीने अडकवलेला आहे, घोड्यावर बसून ठासताना हातातून निसटू नये म्हणून. नळी दस्त्यातून काढली की खालच्या अंगाला बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्के दिसतात: मुकुट आणि त्याखाली फुलीसारखे ठेवलेले राजदंड. हे पिस्तूल ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंग्रज यांच्यातल्या महाराजपूरच्या लढाईत, २९ डिसेंबर १८४३ ला, आमच्या घराण्यातल्या कुणाच्या तरी कमरेला होतं असं घरात सांगतात. ते प्रूफ हाउस १८१३ साली सुरू झालं आणि तांब्याच्या टोप्या १८२० नंतर रुळल्या, त्यामुळे शिक्क्यावरून लढाईचं ना हो म्हणता येतं ना नाही. आत्याला हे उत्तर अजिबात आवडलेलं नाही.

परवाना वडिलांनंतर माझ्या नावावर झाला. आम्ही पिस्तूल झाडत नाही, फक्त सांभाळतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरले आहेत आणि दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणून मी जे जमवलं ते सगळं पुसायचं, उघडायचं आणि ठेवायचं सामान आहे. स्प्रिंग मोडली किंवा घोडा झिजला तर काम परवानाधारक बंदूकवाल्याचं. लेथवाल्याकडून अवजार करून घेतो, पिस्तुलाचा भाग नाही. टोप्या आणि दारू मागवायचा तर विचारही करू नका, तो परवान्याचा वेगळा विषय आहे.

आणि अवजारांना हात लावायच्या आधी नळी रिकामी आहे याची खात्री. वाड्यांतून निघालेली ठासणीची हत्यारं भरलेली सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. लाकडाची सरळ काठी तोंडातून तळापर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघायची. खूण तोंडाशी जुळवल्यावर काठीचं टोक निप्पलच्या (टोपी बसवायच्या बोंडीच्या) जागेपाशी पोचायला हवं. दोन-तीन बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग खरवडायचं नाही, तापवायचं नाही, ठोकायचं नाही, बंदूकवाल्याला बोलवायचं. यासाठी मी कुंचल्याची दांडी वापरली, खर्च शून्य.

आता पेचकस. सगळ्यात जास्त विचार मी यावर केला आणि सगळ्यात जास्त समाधानही यानेच दिलं. जुन्या पिस्तुलाच्या पेचांची खाच अरुंद असते आणि तिच्या दोन्ही भिंती समांतर असतात. आपल्याकडचा साधा पेचकस टोकाकडे पाचरीसारखा निमुळता होत जातो. तो खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतो, जोर दिला की उसळतो, आणि कोरलेल्या नक्षीवर ओरखडा ठेवून जातो. बंदूकवाल्यांचे पेचकस टोकाला दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेले असतात, त्यामुळे खाचेच्या तळापर्यंत सपाट बसतात. परदेशी संचाची किंमत बघून मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या लोहिया बाजारात गेलो आणि चांगल्या पोलादाचे सुटे पेचकस घेतले. खाचेची रुंदी मोजायला स्कूटरचा टॅपेट लावायचा फीलर गेज वापरला: जी पट्टी खाचेत अंग न हलवता बसली, तेवढ्या जाडीचं टोक. मग ग्राइंडरवर हळूहळू घासायचं, दर वेळी पाण्यात बुडवत. टोक निळं पडलं तर पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा, असा पेचकस पहिल्याच अडलेल्या पेचाला वळतो. ज्याच्या ग्राइंडरवर बसलो तो मिस्त्री म्हणाला, "साहब, इतने में तो नया सेट आ जाता." येत नाही. प्रत्येक पेचाला त्याचा स्वतःचा पेचकस लागतो, आणि माझ्या पिस्तुलात तर एकाच लॉकवर (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेवर) दोन वेगळ्या मापांचे पेच निघाले.

नळी दस्त्याला धरून ठेवणारी आडवी पाचर मात्र पेचकसाने ढकलायची नाही. तिला पितळी खिळा आणि छोटी लाकडी हातोडी. पावसाळ्यात अक्रोडाचं लाकूड फुगतं आणि पाचर हटत नाही. जूनआधीच्या उन्हाळ्यात, पारा ४५ कडे असतो तेव्हा, तीच पाचर बोटाने निघते. नळी काढून करायची मोठी साफसफाई म्हणूनच मी मे महिन्यात उरकतो.

नळीच्या आतल्या कामासाठी संचातला एकही भाग मापाचा निघाला नाही. ते सगळे ०.४४, ०.४५ इंचवाले, इटलीत बनणाऱ्या नकलांसाठी. त्यांच्या गजाचे आटेही एकमेकांशी जुळत नाहीत: साध्या पिस्तूल-गजाला एक आटा, ठासणीवाल्यांच्या गजाला दुसरा, आणि मधे लावायचा जोड वेगळा विकत. उत्तर फारच जवळ होतं. १६ बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला लागणारा, कापड गुंडाळायचा पितळी गोळा या पिस्तुलात चपखल बसतो. ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात बारा बोअर घरोघरी, त्यामुळे दुकानात आधी बाराचाच हातात देतात. तो जाड होतो, सोळाचाच मागा. दांडी लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली. लोखंडाची दांडी तोंडाची कड झिजवते.

कापड फलालीण. मांजरपाटही चालतं, पण त्यात खळ असते, ती आधी उकळून काढावी लागते.

आता पाणी. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, प्रचलित प्रमाण ७५:१५:१०. तिच्या ज्वलनातून अर्ध्याहून जास्त भाग घन क्षारांच्या रूपात उरतो आणि हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. नुसतं तेल चोपडलं तर त्यांचा डांबरासारखा राप होतो आणि त्याखाली लोखंड खात जातं. दस्ता बाजूला काढून नळी गरम पाण्याने धुवायची, पाणी उकळीच्या जवळ असलं तर नळी तापून स्वतःच कोरडी होते. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर धरतो, म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरलं. कित्येक पिढ्या न झाडलेल्या नळीतूनही फलालीण काळी निघाली. धुतल्यानंतर तळाशी काय उरलं ते दिसावं म्हणून मोबाइलला जोडायचा पातळ कॅमेरा घेतला, नाल्या-पाइपात घालायचा असतो तो. चित्र धुरकट येतं, रंग खोटे, पण गंजाचे खड्डे आणि साधा डाग यांतला फरक कळतो. पैसे वसूल.

तेलात शिलाई मशीनचं तेल उत्तम. हलकं, पारदर्शक, वाळून चिकट होत नाही. आमच्या पिस्तुलाच्या लॉकमध्ये तपकिरी गुळासारखं काहीतरी साचलं होतं. घरात पूर्वी सरसोंचं, म्हणजे मोहरीचं तेल लावायचे, आणि मोहरीचं मुरैना शेजारी असताना दुसरं काय लावणार! वनस्पती-तेलं हवेत हळूहळू आळतात. ते साचलेलं रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने निघालं, लॉक पूर्ण खोलावंच लागलं नाही. त्यामुळे मुख्य स्प्रिंग दाबून धरायचा जो शिकंजा मी हौसेने घेतला होता तो एकदाच वापरला. वस्तू चांगली आहे, आटे साफ, पकड घट्ट. पण ज्याला लॉक वरचेवर खोलायचं नाही त्याने त्यावर पैसे घालू नयेत.

फवाऱ्याचं डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या घरी असतं. नावातल्या 'डब्ल्यूडी'चा अर्थच पाणी हटवणारं. धुतल्यानंतर कोपऱ्यातलं पाणी काढायला ते बरोबर; महिनोन् महिने राखायला ते नाही.

राखायला मेण. ब्रिटिश म्युझियममध्ये वस्तू जपण्यासाठी तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स मागवलं. छोटा डबा महाग वाटतो, पण बोटाच्या टोकाएवढं मेण अख्ख्या नळीला पुरतं. अगदी पातळ लावायचं, थोड्या वेळाने मऊ कापडाने घासायचं. तेलावर लूची धूळ बसते, मेणावर बसत नाही, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात एवढ्यासाठीच मी तेलाला बाहेरच्या अंगावरून हद्दपार केलं. लाकडालाही तेच. काही जण दस्त्याला जवसाचं तेल सुचवतात. लावणार असाल तर नंतर ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाची फडकी वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेतात.

पितळी टोपणाला चिंच, राखुंडी, पॉलिश काहीही लावत नाही. ताईने दिवाळीत देवांच्या भांड्यांबरोबर तेही घासायला मागितलं होतं. नळीवरचा तपकिरी रंगही तसाच ठेवायचा. अशा नळ्यांना तो बनवतानाच मुद्दाम चढवत असत, पॉलिश पेपरने तो गेला की पुन्हा येत नाही.

निप्पलचा पाना हा एक अर्धवट राहिलेला विषय. तयार पाने आजच्या निप्पलच्या मापाचे. आमच्या निप्पलला खांदे चौकोनी आणि मोठे. लेथवाल्याने जुन्या पान्याच्या नळीतून छान बसणारा करून दिला. निप्पल तरीही हललेलं नाही. खालून झिरपणारं तेल देत राहिलोय. बंदूकवाल्यांचं म्हणणं, सुटत नसेल तर सोडून द्या. आटे गेले तर पिस्तुलाची किंमतही गेली. तोवर घोडा रिकामा निप्पलवर पडू नये म्हणून मधे चामड्याचा तुकडा ठेवतो, पण फक्त हाताळताना. ठेवताना चामडं अजिबात नको. चामड्याच्या म्यानात ओल आणि कमावणीची आम्लं दोन्ही असतात, आणि गंज नेमका म्यानाच्या आकारात उठतो.

ठेवायची जागा म्हणजे गोदरेजचं कुलूपबंद कपाट, आत न रंगवलेल्या सुती कापडाची पिशवी, आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणि सिलिका जेल. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो तव्यावर तापवणं नको वाटतं. ऑगस्टमध्ये जेल लवकर ओलं होतं आणि पुन्हा सुकवावं लागतं. हिवाळ्यात धुकं असूनही त्याची फारशी आठवण राहत नाही. हाताळायला नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांतून घाम झिरपतो.

सगळ्यांत गैरसोयीची गोष्ट कोणत्याही संचात मिळत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात किंवा बंदूकवाल्याकडे जमा करायची, आणि तिथे आपलं कपाट नसतं. जमा करण्याआधी मी मेणाचा एक जास्तीचा हात देतो, नळीच्या तोंडात तेलात भिजलेली फलालीण न कोंबता नळी कोरडीच मोकळी ठेवतो, पिशवीत जेलची पुडी घालतो आणि पोच-पावतीवर शिक्क्यांसकट पूर्ण वर्णन लिहून घेतो. परत आणलं की आधी काठी घालून खोली मोजायची, मग बाकीचं.