खाऱ्या हवेतल्या गाडीला खालून काय लावावं: एका पावसाळ्यानंतरचा हिशेब

गाडी बोलेरो, वापर मालवण परिसरात. पावसाळा उलटून खाऱ्या वाऱ्याचे महिनेही गेल्यावर गाडी वर घेऊन, चाकं उतरवून जे दिसलं ते लिहितोय. पुढच्या आर्मना (चाक चासीला जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांना) पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग; चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बाहेरून टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन रंग); पोकळ भागांत गंजरोधक वॅक्स, असा बेत होता.

पावडर कोटिंग दिसायला सगळ्यात देखणं, आणि सपाट भागावर अजून तसंच आहे. पण लोअर आर्मच्या पुढच्या कडेला, जिथे चाकाने उडवलेली खडी आदळते, तिथे टवके उडालेत. त्या टवक्यांपासून गंज पापुद्र्याखाली आत सरकलाय. नख घातलं की पापुद्रा सुटतो. साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा थर कडक असतो, आणि त्याच्याखाली झिंक फॉस्फेटिंग (रंगाआधी लोखंडावर चढवलेला रासायनिक थर) किंवा इपॉक्सी पावडरचा प्रायमर नसेल तर एकदा फुटल्यावर पाण्याला अडवणारं काही उरत नाही. घरी ब्रशने डागडुजीही नीट होत नाही. भट्टीत भाग १८० ते २०० अंशांवर तापतो, म्हणून बुश (सांध्यातले रबरी भाग) आणि बॉल जॉइंट (फिरते गोल सांधे) आधी काढावेच लागतात. 'टेप लावून करून देतो' असं कुणी म्हणालं तर आर्म उचलून परत आणावा.

बोल्टचं डोकं आणि वॉशर बसते ती जागा मात्र पावडर मारण्याआधी झाकून घ्यावी. तिथला जाड थर गाडी चालताना दबतो, बोल्टची पकड ढिली होते आणि खालून टकटक सुरू होते. मग दोष बिचाऱ्या बुशवर जातो.

चासीवरचं टू-पॅक इपॉक्सी खरं टिकलंय. टवके इथेही आहेत, पण गंज टवक्याएवढाच राहिलाय, आजूबाजूला पसरलेला नाही. घासून ब्रशने प्रायमर लावला की काम झालं. वरचा पीयू गाळू नये, कारण नुसतं इपॉक्सी उन्हात पांढुरकं पडून भुकटी सोडतं. मात्र हे सगळं पूर्वतयारीवर अवलंबून आहे. आधी ग्रीस काढून गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, मगच ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून गंज काढणं). नाहीतर खड्ड्यांतलं मीठ तिथेच राहतं आणि रंगाखाली फुगे येतात. ब्लास्ट केलेलं लोखंड किनाऱ्यावर काही तासांत तांबूस होतं, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी हवा. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त असावं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडखाली हे काम काढूच नये.

गंज बहुधा आतून येतो, आणि तिथे रंगाची गन पोचत नाही. लांब नळीच्या चौफेर फवारणाऱ्या नोझलने वॅक्स मारलेल्या पोकळ्या आज ओलसर-चिकट आहेत, लाल पाणी गळत नाही. मारल्यावर पाणी निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करावीत. उन्हाळ्यात थोडं वॅक्स ठिबकतं. ब्रेकची डिस्क, पॅड आणि सायलेन्सर यांपासून वॅक्स लांब ठेवावं. दर पावसाळ्याआधी एक हात पुन्हा हवाच.

स्प्रिंगचं वेगळं. कॉइल स्प्रिंग गंज काढायला ॲसिडमध्ये कधीच बुडवू नये. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि स्प्रिंग पुढे कधीतरी काचेसारखी तडकते. १०.९ ग्रेडच्या (जास्त ताकदीच्या) बोल्टना साधं झिंक प्लेटिंग करतानाही हाच धोका असतो. झिंक फ्लेक कोटिंगचे (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा थर दिलेले) बोल्ट घेतलेले बरे. मागच्या पाट्यांना (एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला) रंग फक्त बाहेरून लावावा, पट्ट्यांच्या मधला घासून जातोच.

गॅरेजवाले आग्रहाने मारतात ते काळं जाड रबरी कोटिंग जुन्या गाडीला मी सुचवणार नाही. नव्या, स्वच्छ पत्र्यावर खडीचा मार ते छान सोसतं. गंजावर मारलं तर कडा सुटतात, फटीत पाणी साचतं आणि वरून काहीच कळत नाही. आधीच मारलेलं असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तिथे ते खरवडून काढावं लागेल.