७.५ जे रिमवर २०५, २१५, २२५ की २३५? टायरची रुंदी निवडताना

नेहमीचं उदाहरण घेऊ. गाडीचं मूळ चाक ६.५ जे × १६, ईटी ४५: म्हणजे रिम ६.५ इंच रुंद, १६ इंच व्यासाची, आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी तिची बाजू रिमच्या मध्यापासून ४५ मिमी बाहेरच्या अंगाला; हेच ईटी. त्यावर २०५/५५ आर १६ ९१ व्ही टायर: २०५ ही रुंदी मिमीत, ५५ ही साइडवॉलची (टायरच्या उभ्या बाजूची) उंची रुंदीच्या टक्क्यांत, १६ हा रिमचा व्यास इंचांत, ९१ हा भाराचा आकडा म्हणजे लोड इंडेक्स, आणि व्ही ही वेगाची श्रेणी. नवं अलॉय व्हील ७.५ जे × १७, ईटी ४०. आता त्यावर टायर कोणता चढवायचा? साधारण चार नावं पुढे येतात: २०५/५०, २१५/४५, २२५/४५ आणि २३५/४५. चारही या रिमवर बसतात, चारही मान्य मर्यादेत आहेत. पण दोन अगदी मर्यादेच्या टोकावर आहेत, एक भार पेलण्यात कमी पडतो, आणि बिनतक्रार चालेल असा एकच उरतो.

आधी रुंदीच्या आकड्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. टायरवर छापलेला २०५ किंवा २२५ हे त्या मापाचं नाव समजा. प्रत्यक्ष रुंदी प्रत्येक मापासाठी ठरलेल्या एका रिमवर चढवून मोजतात. २०५/५५ आर १६ साठी ती रिम ६.५ जे, आणि तिच्यावर या टायरची डिझाइन रुंदी २१४ मिमी. २२५/४५ आर १७ साठी ७.५ जे, आणि रुंदी २२५ मिमी. म्हणजे नावात २० मिमीचा फरक, हातात मात्र ११ मिमीचा. दुसरी गोष्ट रिमची: रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर सुमारे ५ मिमी फुगतो, अर्धा इंच अरुंद झाली की तेवढाच आक्रसतो. हे माप साइडवॉलच्या पोटाचं. रस्त्याला टेकणारा ट्रेड यामुळे फारसा बदलत नाही.

हा हिशोब लावून चारही टायर एकाच ७.५ जे रिमवर ठेवले तर चित्र असं दिसतं. मूळ टायरचा व्यास ६३१.९ मिमी आणि एका टायरची क्षमता ६१५ किलो आहे. एक्सएल म्हणजे जास्त हवेवर जास्त भार पेलणारा मजबूत टायर.

| टायर | रिमची मान्य रुंदी | ७.५ जे वर रुंदी, सुमारे | व्यास | मूळ व्यासाशी फरक | लोड इंडेक्स साधा / एक्सएल |
|---|---|---|---|---|---|
| २०५/५० आर १७ | ५.५ ते ७.५ | २२४ मिमी | ६३६.८ मिमी | +०.८% | ८९ / ९३ |
| २१५/४५ आर १७ | ७ ते ८ | २१८ मिमी | ६२५.३ मिमी | −१% | ८७ / ९१ |
| २२५/४५ आर १७ | ७ ते ८.५ | २२५ मिमी | ६३४.३ मिमी | +०.४% | ९१ / ९४ |
| २३५/४५ आर १७ | ७.५ ते ९ | २३१ मिमी | ६४३.३ मिमी | +१.८% | ९४ / ९७ |

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतली रुंदी पाहा. २०५/५० आणि २२५/४५ यांचं पोट या रिमवर जवळजवळ सारखंच येतं. "बारीक टायर घेतला म्हणजे शॉक अब्सॉर्बरला घासणार नाही" या हिशोबाने २०५ घेणाऱ्याला पोटाशी जागा मिळतच नाही. ट्रेडचा खांदा (ट्रेडची बाजूची कड) तेवढा अरुंद राहतो, मडगार्डजवळ त्याचा थोडा उपयोग होतो, बस. कंपनीनुसार या आकड्यांत काही मिमीचा फरक पडतो, म्हणून जागा तंग असेल तर निवडलेल्या मॉडेलच्या तांत्रिक पत्रकातलीच रुंदी धरा.

२०५/५० साठी ७.५ जे ही मान्यतेची वरची कड आहे. बीड (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडा) दोन्हीकडे ताणलेले राहतात, साइडवॉल तिरपी उभी राहते. स्टेअरिंगला प्रतिसाद झटपट मिळतो हे खरं, पण खड्ड्याचा दणका शोषायला साइडवॉलला वाकायला जागा कमी उरते. हवा कमी असताना जोरात वळण घेतलं तर बीड सरकण्याचा धोका याच मांडणीत अधिक. शिवाय साधा ८९ म्हणजे ५८० किलो. मूळच्या ६१५ ला तो पुरत नाही. घ्यायचाच तर ९३ एक्सएल घ्या, त्याची क्षमता ६५० किलो.

२१५/४५ दिसायला नेटका वाटतो आणि रिमच्या रुंदीशी त्याचं भांडण नाही. अडचण भाराची. साधा ८७ म्हणजे ५४५ किलो, तो सरळ बाद. ९१ एक्सएल मिळाला की आकडा जुळला असं वाटतं, पण इथे एक सापळा आहे. साधा टायर आपली पूर्ण क्षमता २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआयला देतो. एक्सएल टायर ती २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआयला देतो. ३६ पीएसआयला हाच ९१ एक्सएल सुमारे ५४५ किलोच उचलतो. म्हणजे जुना टायर आणि नवा टायर, दोन्हींवर ९१ छापलेलं असूनही दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली तर नवा टायर कमी फुगलेला राहतो. खांदे झिजतात, साइडवॉल तापते, आणि पूर्ण भरलेली गाडी लांब पल्ल्याला नेली की त्याचे परिणाम दिसतात. पाच-सहा पीएसआय जास्त हवा भरून चालवायची तयारी असेल तरच हा पर्याय. आणखी एक उणीव: ७.५ जे रिमच्या कडेपासून कडेपर्यंतचं बाहेरचं माप साधारण २१५ मिमी भरतं. २१८ मिमीचा टायर तिच्या पुढे जेमतेम दीड-दीड मिमी येतो. पार्किंगला लावताना फुटपाथची कड आधी अलॉयला लागणार.

२२५/४५ ची डिझाइन रुंदी ठरवली जाते तीच मुळी ७.५ जे वर. व्यासातला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरचं प्रमाण जिथल्या तिथे. साधा ९१ घेतला तरी मूळ क्षमता राखली जाते, हवाही मूळच्या जवळपास चालते. ९४ एक्सएल घेतला तर ६७० किलोपर्यंत राखीव. या रिमसाठी आमचं मत सरळ याच मापाच्या बाजूने आहे. बाकीच्यांची चर्चा करायची ती गाडीत जागा नसेल किंवा काही खास गरज असेल तरच.

२३५/४५ खालच्या कडेला बसतो. रिम अरुंद पडल्याने साइडवॉल बाहेर फुगते, ट्रेडचा मधला भाग किंचित फुगीर होतो. जास्तीचं रबर विकत घेतलं, पण वळणावर ते पूर्ण टेकतच नाही. खांदा दुमडत जातो आणि स्टेअरिंग ढिलं लागतं. व्यास १.८ टक्के वाढल्याने स्पीडोमीटर खरा वेग तेवढा कमी दाखवू लागतो आणि चाकाच्या कमानीत वरची जागा ५ ते ६ मिमी कमी होते. २३५/४० घेऊन व्यास सांभाळू म्हणाल, तर त्याची मान्य रिम ८ जे पासून सुरू होते. साइडवॉल जितकी ठेंगणी, तितकी तिला रुंद रिम लागते: २२५/५० आर १७ साठी मापाची रिम ७ जे, २२५/४५ आर १७ साठी ७.५ आणि २२५/४० आर १८ साठी ८.

आता टायर कुठे घासेल ते. हबच्या टेकणीपासून बाहेरचं अंतर म्हणजे रुंदीचा अर्धा भाग वजा ईटी; आतलं अंतर म्हणजे रुंदीचा अर्धा भाग अधिक ईटी. मूळ टायर: बाहेर १०७ − ४५ = ६२ मिमी, आत १०७ + ४५ = १५२ मिमी. ७.५ जे ईटी ४० वर २२५: बाहेर ७२.५, आत १५२.५. म्हणजे आतली जागा जवळपास तशीच आणि बाहेर १०.५ मिमीची वाढ. २३५ ला बाहेर ७५.५ आणि आत १५५.५. फक्त टायर पाहून थांबू नका, रिमचाही हिशोब करा. तिची आतली कड ७.७ मिमी आणि बाहेरची १७.७ मिमी सरकली आहे. ब्रेक कॅलिपर आणि स्पोक यांच्यातलं अंतर मात्र चाक प्रत्यक्ष लावूनच कळतं.

कागदावर जागा निघाली तरी चारही टायर एकदम चढवू नका. पुढे एक, मागे एक चाक लावा. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. टायर आणि शॉक अब्सॉर्बर यांच्यामध्ये मऊ मातीची गोळी ठेवून चाक हाताने फिरवा. ती दबून ५ मिमीपेक्षा पातळ झाली तर जागा अपुरी आहे. मग मागची सीट आणि डिकी वजनाने भरा, एक चाक उंचवट्यावर तिरकं चढवा, आणि आतल्या प्लास्टिक अस्तरावर चकचकीत घासल्याच्या खुणा शोधा. रिकाम्या गाडीत काहीच न घासणारा टायर मागे तीन माणसं बसली की मडगार्डच्या कडेवर घासू लागतो. टायरची कड सोलली गेली तर त्या जागी साइडवॉल चिरते, आणि साइडवॉलची दुरुस्ती होत नाही.

रुंदीने नेमकं काय मिळतं? टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं. हवा तीच असेल तर रुंद टायरचा ठसा आडवा वाढतो, उभा आखडतो. कोरड्या रस्त्यावर वळताना पकड सुधारते. पाण्यात उलटं होतं: तेच पाणी जास्त अंतर आडवं ढकलावं लागतं, आणि ट्रेड झिजू लागला की रुंद टायर कमी वेगात पाण्यावर तरंगतो. बर्फावरही अरुंद टायर बरा. रुंद टायर रस्त्यावरच्या चाकोऱ्या पकडतो आणि स्टेअरिंग ओढतो. ईटी कमी केल्याने ती ओढ आणखी वाढते. इंधन थोडं जास्त जातं, विजेच्या गाडीत पल्ला घटतो. अशा गाडीचं वजन अधिक असल्याने लोड इंडेक्सकडे तर दुप्पट लक्ष द्या.

रिम अजून घेतली नसेल तर क्रम उलटा करा: आधी टायर, मग रिम. रोजचा वापर आणि खड्ड्यांचा रस्ता असेल तर ७ जे × १७ वर २२५/४५ लावता येतो. तिथे तो सुमारे २२० मिमी होतो, मान्यतेच्या खालच्या कडेला, पण रिमची बाहेरची कड टायरच्या आड राहते. त्याहूनही शहाणा पर्याय बरेचदा १६ इंचांतच असतो. ७ जे × १६ वर २२५/५० आर १६: व्यास ६३१.४ मिमी, क्षमता ९२ म्हणजे ६३० किलो, आणि साइडवॉल ११२.५ मिमी, मूळच्या ११२.७५ इतकीच. १७ इंची २२५/४५ ची साइडवॉल १०१ मिमी. रुंदी हवी, पण खड्ड्यातला दणका नको, त्यांनी हेच माप घ्यावं. फक्त त्याची डिझाइन रुंदी २३३ मिमी आहे हे विसरू नका. जागेचा हिशोब २२५ धरून केला तर चुकेल.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच मॉडेलचे आणि जवळपास सारख्या झिजेचे ठेवा. मागे रुंद, पुढे अरुंद असं करायचं असेल तर पुढच्या-मागच्या चाकांच्या व्यासाचं प्रमाण मूळ गाडीइतकंच राखा, आणि पुढचे टायर मागे फिरवता येणार नाहीत हे धरून चाला.

टायर चढवल्यावर हवा लोड टेबल (किती दाबाला टायर किती भार पेलतो तो तक्ता) पाहून ठरवा, मग खडूने तपासा: ट्रेडवर आडवी जाड रेघ ओढा, गाडी सरळ दहा-पंधरा मीटर न्या. खडू फक्त मधून पुसला गेला तर हवा जास्त, फक्त खांद्यांवरून पुसला गेला तर कमी. ५० ते १०० किमी चालल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा घट्ट करा. दोन-तीन हजार किमीला ट्रेडची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा. फक्त आतली कड झिजत असेल तर हवेशी खेळत बसू नका, अलाइनमेंट करून घ्या.