व्हर्टिकल माउंटची रायझर केबल: ब्रॅकेट झकास, पण कार्डच डिटेक्ट होत नाही

ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये उभं लावायचं होतं म्हणून ब्रॅकेट आणि रायझर केबलचा (मदरबोर्डचा स्लॉट आणि कार्ड यांना जोडणारी केबल) सेट घेतला, नीट वापरून झाल्यावरच लिहितोय. ब्रॅकेटला पाचपैकी चार स्टार, केबलला दीड. दोन्ही एकाच बॉक्समध्ये येतात त्यामुळे एकत्र रेटिंग देणं अवघड आहे, पण केबलमुळे ज्याचा पीसी अडकेल त्याला ब्रॅकेट किती मजबूत आहे याच्याशी काय देणंघेणं.

ब्रॅकेटचं आधी पटकन सांगतो. पत्रा जाड आहे, तीन स्लॉटचं जड कार्ड लावलं तरी वाकत नाही, स्क्रूची भोकं बरोबर जुळतात. फक्त काचेपासून फॅन जरा लांब राहतील असं बसवा, काचेला चिकटलं की हवा मिळत नाही आणि टेंपरेचर वाढतं.

आता केबल. सगळं जोडून पीसी चालू केला तर कार्डचे फॅन फिरतात, लाइट लागते, पण कार्डातून डिस्प्ले नाही. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली तर विंडोज व्यवस्थित सुरू होतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त प्रोसेसरमधलं ग्राफिक्स दिसतं, कार्डाचं नावच नाही. व्ह्यू मेनूमधून हिडन डिव्हाइसेस चालू केल्यावर कार्ड पुसट दिसलं, त्यावर कोड ४५. हे नीट बघा कारण इथेच अर्धं निदान होतं, कोड ४३ असेल तर विंडोजला कार्ड दिसतंय पण त्याने काहीतरी प्रॉब्लेम सांगितला म्हणून ते बंद केलंय, तिथे ड्रायव्हर काढून परत टाकून बघण्यात अर्थ आहे, पण कोड ४५ म्हणजे हे कार्ड पूर्वी जोडलेलं होतं आणि आत्ता जोडलेलंच नाही असं विंडोज म्हणतंय. जे कार्ड मदरबोर्डलाच सापडत नाही त्याला ड्रायव्हर काय करणार? तरी कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ड्रायव्हर आणि दुसरं उत्तर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदला. बिचारे लोक खरंच नवीन एसएमपीएस घेऊन येतात.

माझ्या मते आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन बघावं, बऱ्याच बोर्डांवर कुठल्या स्लॉटमध्ये काय लागलंय ते दिसतं. माझ्याकडे मुख्य स्लॉट रिकामा दाखवत होता. फॅन फिरतात म्हणजे कार्ड चालू आहे असं समजू नका, त्याचा अर्थ एवढाच की पॉवर पोचतेय. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट येते आणि ८ पिनच्या वायरीतून १५० वॅट, ती डेटाच्या रस्त्याने येत नाही, त्यामुळे डेटाचा रस्ता बंद असला तरी लाइट छान लागते. मग स्विच बंद केला, वायर काढली, रायझर बाजूला ठेवून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवलं, लॉकचा टक आवाज येईपर्यंत दाबून. लगेच डिटेक्ट! या एका गोष्टीने कार्ड, एसएमपीएस, ड्रायव्हर, स्लॉट सगळे एकदम संशयातून सुटले आणि केबल एकटी उरली.

कारण असं की ही केबल जेन ३ च्या, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या पीसीआयई जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या, लायकीची आहे आणि माझं कार्ड आणि बोर्ड दोन्ही जेन ४. जेन ३ मध्ये प्रत्येक लेनचा (डेटाच्या एका वाटेचा) वेग ८ जीटी (गिगाट्रान्सफर) प्रति सेकंद असतो, जेन ४ मध्ये सरळ दुप्पट, १६. पीसी चालू होताना बोर्ड आणि कार्ड आधी कमी वेगावर, २.५ वर, एकमेकांना ओळखतात आणि मग दोघांना जमेल त्या सगळ्यात वरच्या वेगावर जायला बघतात, केबल मध्ये आहे आणि तिला तेवढं झेपत नाही हे दोघांनाही कळायचा मार्ग नाही. सिग्नल खराब झाला की परत खालच्या वेगावर यायला पाहिजे, पण बऱ्याचदा येत नाही आणि कार्ड गायबच होतं.

उपाय सोपा आहे, बायोसमध्ये पीसीआयई स्लॉटचा स्पीड ऑटोवर असतो तो जेन ३ करायचा. माझं त्याने लगेच चालू झालं. पण ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे इंटेलचे नावात एफ असलेले वगैरे, त्यांना बायोसच दिसणार नाही, त्यांनी कार्ड आधी थेट स्लॉटमध्ये लावून सेटिंग सेव्ह करायचं आणि मग रायझर जोडायची. आणि बायोस अपडेट केलं किंवा बोर्डावरचा सेल काढला की सेटिंग परत ऑटोवर जाऊ शकतं आणि कार्ड पुन्हा गायब, तेव्हा घाबरून कार्ड दुरुस्तीला देऊ नका.

जेन ३ वर १६ लेनच्या कार्डाला गेममध्ये फारसा फरक पडत नाही. पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखं फक्त ४ लेनचं कार्ड असेल तर चांगलाच फटका बसतो, त्यांनी ही केबल घेऊच नये. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये बस इंटरफेस बघा, रिकामं बसलेलं कार्ड वेग मुद्दाम कमी करतं म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून लोड द्या आणि मग आकडा वाचा. कार्ड दिसत असूनही गेम मध्येच अडखळत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) WHEA-Logger च्या १७ नंबरच्या नोंदी भराभर पडतायत का ते पण बघा, पीसीआयईवरच्या चुका तिथे सापडतात.

राग याचा येतो की बॉक्सवर, केबलवर, माहितीपत्रकात कुठेही जेन ३ लिहिलेलं नाही, उलट सर्व नवीन कार्डांना चालेल असं छापलंय. कस्टमर केअरला सगळं सविस्तर कळवलं, कोड ४५ चा फोटो पाठवला, तर उत्तर आलं ड्रायव्हर अपडेट करा. ब्रॅकेट आवडत असेल तर जरूर घ्या, पण केबल वेगळी घ्या, जिच्यावर जेन ४ स्पष्ट लिहिलंय अशी आणि गरजेपेक्षा लांब नको. मी तशी आखूड केबल आणून याच ब्रॅकेटवर लावलीये, स्लॉट ऑटोवर ठेवलाय, लोड दिल्यावर जीपीयू-झेड १६ लेन ४.० दाखवतं आणि १७ नंबरची एकही नोंद नाही.