माँ ब्लाँसाठी मुक्काम कुठे: तेत रूस की गूते?

आल्प्समधले सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ गूते मार्गाने चढू इच्छिणाऱ्यांपुढे मुक्कामासाठी प्रामुख्याने दोन निवारे असतात: ३१६७ मीटरवरचा तेत रूस आणि ३८३५ मीटरवरचा गूते. दोन्हीकडे आगाऊ आरक्षणावाचून थारा नाही. त्यामुळे पुष्कळदा निवड आपल्या हातात राहतच नाही, शिल्लक खाटाच ती करून टाकतात. पर्याय खुला असेल, तर मात्र सोयींच्या आधी घळीचा विचार करावा.

ग्राँ कुलुआर नावाची ही घळ दोन्ही निवाऱ्यांच्या दरम्यान आडवी येते. रात्रीच्या थंडीत गोठून धरलेले दगड ऊन तापू लागले की सुटतात. तिथे लावलेली तार पाय घसरल्यास कामी येते. वरून येणाऱ्या दगडापुढे तिचा इलाज चालत नाही. जाता-येता घळ ओलांडावीच लागते, प्रश्न फक्त वेळेचा आहे. तेत रूसला झोपणारा ती अंधारातच पार करतो. याउलट, सकाळच्या डोंगरी रेल्वेने नी देग्ल स्थानकावर (२३७२ मीटर) उतरून त्याच दिवशी गूते गाठू पाहणारा घळीपाशी बहुधा दुपारी पोहोचतो. परतताना हिशेब उलटतो: गूतेहून शिखर जेमतेम ९७० मीटर वर असल्याने तिथला मुक्कामी लवकर खाली येऊ शकतो, तर तेत रूसवाल्याला सुमारे १६४० मीटर चढून उतरेपर्यंत दुपार होते.

गूतेची सध्याची इमारत २०१३ साली सुरू झाली. कड्याच्या टोकावर बसवलेली, पोलादी पत्र्याने मढवलेली ही अंडाकृती चार मजली वास्तू १२० जणांची सोय करते आणि पाण्यासाठी बर्फ वितळवते. देखणी आहे, यात वाद नाही. पण त्या उंचीवर अनेकांचे डोके ठणकते आणि रात्री दोनच्या न्याहारीपर्यंत ते नुसते कूस बदलत राहतात. तेत रूसला झोप तुलनेने बरी लागते.

एकच रात्र असेल, तर दमदार आणि विरळ हवेला सरावलेल्यांनी तेत रूस घ्यावे. चाल मंद असल्यास पहिली रात्र तेत रूसला काढून पहाटे घळ ओलांडावी आणि दुसरी रात्र गूतेला काढावी. खर्च वाढतो, परंतु माझ्या मते तो रास्त आहे. मुंबई-पुण्याहून थेट येणाऱ्यांनी मात्र कोणतेही आरक्षण करताना आधीचे काही दिवस तीन हजार मीटरच्या आसपास सरावासाठी मोकळे ठेवावेत.