'निजामाच्या बँडमधली' गिब्सन : इसार देण्याआधी आत बघा

लातूरकडच्या एका ऑर्केस्ट्रातल्या वादकाच्या गळ्यात लग्नसराईत दीड लाखाची एक पोकळ, एफ-होलची (इंग्रजी 'एफ'च्या आकाराच्या भोकांची) गिटार मारली गेली. विकणाऱ्याने सांगितलं, अमेरिकेच्या गिब्सन कंपनीची ईएस-१७५ आहे, १९४५ सालची, हैदराबादला निजामाच्या बँडमध्ये वाजलेली. मराठवाड्यात ही हकिकत पटकन पटते, कारण निजामाच्या काळातली एखादी वस्तू इथे बऱ्याच घरांत निघते. कार्यक्रम संपल्यावर रात्री, मंडपाच्या उजेडात, चाळीस हजार इसार रोख दिला. बाकीचे चार दिवसांत. पावती नाही.

हैदराबाद संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. ईएस-१७५ हे मॉडेलच निघालं १९४९ मध्ये. सौदा तिथेच थांबायला हवा होता. त्या गिटारवर तारांचा आवाज पकडणारे दोन हंबकर जातीचे पिकअप होते. या मॉडेलवर ते १९५७ पासून आले, त्याआधी पी-९० नावाचे जुने पिकअप असत. आतलं लेबल नारिंगी, म्हणजे १९५५ नंतरचं. नंबर हेडस्टॉकमागे (तारांच्या खुंट्या असतात त्या टोकामागे) लाकडात ठोकलेला, ही पद्धत १९६१ पासूनची. त्याखाली 'मेड इन यूएसए', आणि तो शिक्का १९७० पासूनचा. वाद्यावरचा सगळ्यात नवा मूळ भाग ज्या सालचा, त्याच्याआधीचं ते वाद्य असूच शकत नाही.

बरं, निदान सत्तरच्या दशकातली तरी निघावी, तर तेही नाही. पिकअप काढल्यावर आत 'बी५००के' छापलेले नवे छोटे पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) आणि प्लास्टिकच्या वायरी दिसल्या. जुन्या अमेरिकन पॉटवर आकडे ठोकलेले असतात. १३७६६३३ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ हे साल, ३३ वा आठवडा. पॉट प्रामाणिकपणे बदललेलेही असू शकतात, पण मग तसं आधी सांगायला हवं आणि किंमतही उतरायला हवी. लेबलचा कागद चहाच्या पाण्यात बुडवलेला होता. डाग कडेपासून आत सारखे पसरलेले. पॉलिशवरच्या भेगा ब्लेडने मारलेल्या, सगळ्या सरळ आणि एकाच दिशेला. जुन्या नायट्रो लॅकरच्या, म्हणजे जुन्या गिटारवरच्या मूळ पॉलिशच्या, भेगा केसासारख्या बारीक आणि वेड्यावाकड्या जातात.

एक चूक मात्र उलट बाजूने होते. एफ-होलच्या कडेला प्लायचे थर दिसले की लोक लगेच नकली ठरवतात. ईएस-१७५ ची बॉडी पहिल्यापासून थरांच्या मेपलचीच आहे, त्यामुळे ती खूण धरू नका.

बघायचं कसं? दिवसा, आणि घाई न करता. अशा गिटारचा ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, बहुधा स्क्रूने बसवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. म्हणून तारा सैल करण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून जागा धरा, नाहीतर सूर हलतो आणि विकणारा तुमच्यावरच ढकलतो. मग पिकअपच्या चौकटीचे स्क्रू काढून पिकअप अलगद उचला, वायर ओढू नका. एफ-होलमधून दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा घालून, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात नेकच्या (दांड्याच्या) सांध्याकडे बघा. किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो, तो अंधारात पॉलिशवर धरा. जुनं नायट्रो लॅकर साधारण हिरवट-पिवळं चमकतं; मागाहून रंगवलेला भाग वेगळा, डागासारखा दिसतो.

सांध्याकडे खास लक्ष द्या. या गिटारची नेक मे महिन्यात उचलली, बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या बाराव्या पट्टीवर) तारा ५ मिलिमीटर वर गेल्या. आपल्या ४२-४३ अंशांच्या कोरड्या उन्हात चांगलं वाद्यही हलतं, पण सरसाने जोडलेली नेक वाफेने सोडवून पुन्हा बसवता येते. इथे सांधा इपॉक्सीने भरला होता आणि त्यावर वाफेचं काही चालत नाही. दुरुस्तीवाल्याने हात टेकले.

पैसे बँकेतूनच द्या. बिलावर मॉडेल, साल, नंबर, बदललेले भाग आणि सात दिवसांत परतीची अट लिहून सही घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. विकणारा दुकानदार किंवा व्यापारी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 'तुम्ही धंद्यासाठी घेतली' म्हणून तो हात झटकेल, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते, आणि कार्यक्रमांवर घर चालवणारा वादक त्यात येतो.