लिनक्स मिंट : लग्नपत्रिकेच्या टेबलावरून

कराडात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, वर्षश्राद्धाचे फोटोवाले फ्लेक्स, आणि मधल्या वेळेत कचेरीचे अर्ज. मुख्य संगणक २०१४ साली जुळवून घेतलेला: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. काही कुरकुर नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे चांगलं चालतं मशीन भंगारात द्या. भाचा पुण्यात शिकतो. तो म्हणाला, "मावशी, नवीन घ्यायच्या आधी आठ दिवस मिंट वापरून बघ. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढून टाक." मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. त्या आठ दिवसांचे पाच महिने झालेत, म्हणून हे लिहितेय.

कुठलीही नवी सिस्टिम आली की मी एकच शब्द टाइप करून बघते: "सगेसोयऱ्यांसह". पत्रिकेत तो असतोच, आणि त्यातला "ऱ्या" भल्याभल्यांना जमत नाही. र ला हलन्त देऊन य जोडला की "र्य" होतो, सूर्यातला. आपल्याला हवा तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे दिल्लीकडे बघून केलेल्या सोयीत तो हमखास राहून जातो.

मी शिकले १९९५ साली, एका प्रेसमध्ये, ३८६ मशीनवर (३८६ हा इंटेलचा जुना प्रोसेसर), विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिममध्ये. आत सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. त्याच्या जोरावर काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली प्रमाण मांडणी. "सोयऱ्यांसह"साठी बोटं अशी पळायची: एम, ए, स्लॅश, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई, एक्स, एम, यू. हे मी आज झोपेतही करेन. फायलीचं नाव मात्र आठच अक्षरांत बसवायचं, पुढे टिंब आणि तीन अक्षरं. आमच्याकडे गिऱ्हाईक निम्मं पाटील. पाटील१ पासून पाटील४७ पर्यंत फायली होत्या, आणि कुठल्या पाटलाची मुलगी कुठल्या फायलीत हे वहीत लिहून ठेवावं लागे.

(डॉस मुळात मायक्रोसॉफ्टनं लिहिलेलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. सिएटलच्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी ते रचलं, गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या आधीच्या सिस्टिमच्या वळणावर. मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं आणि १९८१ च्या आयबीएम पीसीवर चढवलं. ए, बी, सी ही ड्राइव्हची नावंही सीपी/एमकडून आलेली. फ्लॉप्या गेल्या, ए-बी गेले, सी तेवढा राहिला.)

मग विंडोज ३.१ आलं आणि त्याच्याबरोबर ट्रूटाइप फाँट. आमच्या धंद्याची खरी सुरुवात तिथून. पण ते फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं. प्रत्येक कंपनीचा कीबोर्ड वेगळा, "ऱ्य"चा तुकडा आल्ट धरून चार आकडे मारून आणायचा. फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पत्रिकेच्या जागी रोमन किडे-मुंग्या. विंडोज ९५ नं लांब नावं दिली, वही सुटली. किडे-मुंग्या तशाच राहिल्या.

मराठी विंडोजच्या पोटात शिरली ती २००० मध्ये, मंगल फाँट आणि युनिकोडसकट (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक). एक्सपीत ती होती, पण निजलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिकमार्क करायचा, सीडी घालायची, मशीन बंद-चालू करायचं. ते केलं नाही तर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. गावातल्या किती मशीनवर मी ती टिकमार्क केली असेल! चहा आणि वीस रुपये. व्हिस्टापासून ते काम आपोआप झालं आणि माझे वीस रुपये गेले.

तर मिंट. हे मूळचं क्लेमां लफेव्र या फ्रेंच माणसानं २००६ मध्ये सुरू केलेलं, उबुंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर उभं असलेलं. खालचा पाया लिनस टोरवाल्ड्सच्या लिनक्सचा. हेलसिंकीतल्या त्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये हा नुसता छंद आहे, मोठं काही होणार नाही, असं जाहीर केलं होतं. त्यानंही ते ३८६ वरच लिहिलं हे वाचून मला उगाच बरं वाटलं. मी टाकलं ते २२.२, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपचं. अपडेट २०२९ पर्यंत मिळणार. किंमत शून्य, इच्छा असेल तर देणगी.

पेनड्राइव्हवरून चालू केलं तेव्हा डिस्कला हात न लावता सगळं बघता आलं. कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट घेतलं, टेक्स्ट एडिटर उघडला आणि बोटांना म्हटलं, पळा. एम, ए, स्लॅश, शिफ्ट-जे... "सोयऱ्यांसह" उमटलं. ना सीडी, ना टिकमार्क. तीस वर्षांत मशीन, पडदा, कंपनी सगळं बदललं, बोटांची वाट तीच. त्याच दिवशी मी डिस्कवर टाकायला सांगितलं.

पहिला धक्का: "अरे, सी ड्राइव्ह कुठंय?" भाचा हसायला लागला. इथे सी नसतोच. सगळं एकाच झाडाला, आणि माझ्यासाठी होम नावाची फांदी. आठवडाभर घरात चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातला मेनू, सगळं विंडोज ७ च्या वळणाचं आहे, त्यामुळे दुकानातली मुलगी दुसऱ्या दिवशी न विचारता कामाला लागली.

दुसरी गोष्ट एका निवृत्त गुरुजींनी काढली. नातीच्या पत्रिकेचं प्रूफ हातात घेऊन म्हणाले, "बाई, शुभविवाहातला श आणि लग्नातला ल, दोन्ही हिंदी झालेत." खरंच होते. पाकळीवाला ल आणि देठवाला श यांऐवजी हिंदी वळण आलेलं. मी फाँट बदलायला निघाले होते, पण दोष माझाच. लिबरऑफिसमध्ये (मिंटवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा हिंदी राहिली होती. ती मराठी केली आणि त्याच फाँटमध्ये दोन्ही अक्षरं जागच्या जागी वळली. ज्या फाँटमध्ये ही सोय ठेवलेली आहे त्यातच हे होतं, सगळ्यात नाही. पण भाषा सांगितल्यावर अक्षर बदलतं हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. गुरुजींनाही दाखवलं. त्यांनी दोनदा करून बघायला लावलं.

आता रडगाणं. कोरलड्रॉ आणि पेजमेकर ही आमच्या धंद्यातली डिझाइन आणि पानजुळणीची सॉफ्टवेअर लिनक्सवर बसत नाहीत. इंकस्केप हे फुकट चित्रकामाचं सॉफ्टवेअर कोरलच्या बऱ्याच फायली उघडतं, पण आत जुना फाँट असला की परत किडे-मुंग्या. मजकूर युनिकोडमध्ये फिरवून घ्यावा लागतो, आणि फिरवताना नेमका "ऱ्य"च मोडतो. वर इंकस्केपचं काम आरजीबी रंगात (पडद्याचे लाल-हिरवा-निळा), ऑफसेटवाल्याला हवं सीएमवायके (छपाईच्या चार शाया). त्यासाठी शेवटची जुळणी मी स्क्रायबस या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. स्क्रायबस शिकायला महिना गेला आणि अजून त्याच्याशी माझं पूर्ण जमलेलं नाही. मजकुराची चौकट वेगळी, तो बदलायची खिडकी वेगळी. घाईच्या गिऱ्हाइकासमोर घाम फुटतो.

माझ्याकडचं जुनं मराठी सॉफ्टवेअर मशीनच्या मागे खुंटी (डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही, आणि ती खुंटी इथे ओळखलीच जात नाही. म्हणून जुना विंडोजवाला डबा कोपऱ्यात ठेवलाय, इंटरनेटची वायर काढून. जुन्या पाटलांच्या फायली तिथे. नवे पाटील मिंटवर.

कुणी घ्यावं? टायपिंग, अर्ज, बँक, ईमेल एवढंच असेल तर आजच टाका. आमच्या धंद्यातले असाल तर सीझन संपल्यावर, जूनमध्ये. तुळशीच्या लग्नानंतर अजिबात नको. आणि टाकण्याआधी पेनड्राइव्हवर चालवून प्रिंटर नक्की जोडून बघा. मी तेच विसरले. मोठा प्रिंटर पहिल्या झटक्यात लागला, पण छोटा काळा लेझर (कंपनीचं नाव घेत नाही) अजून फक्त दिवा लुकलुकवतो. शनिवारी भाचा येतोय. तोपर्यंत काळी प्रूफं समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून, पानाला दोन रुपये.